बऱ्या झालेल्या अक्का

अक्का माझ्याकडे आल्या त्या केवळ भाषेमुळे. एचएसआर लेआउटमधल्या आमच्या काउन्सेलिंग सेंटरमध्ये मराठी येणारी मी एकटीच. मी सांगलीकडची, शिकायला बेंगळुरूला आले आणि इथेच राहिले. आमच्याकडे येणारी माणसं बहुतेक आसपासच्या कंपन्यांतली, तरुण, इंग्रजीत बोलणारी. त्यामुळे माझ्या मराठीचा तिथे कधी उपयोग झाला नव्हता. एक दिवस अक्कांच्या मुलाचा फोन आला. म्हणाला, "आईला कन्नड उत्तम येतं, आमच्यापेक्षा चांगलं. पण रडायचं असलं की ती मराठीत जाते. म्हणून मराठी कोणी आहे का, विचारतोय."

त्यांचं घराणं कितीतरी पिढ्या बेंगळुरूत राहिलेलं. जुन्या पेठेत कापडाचं दुकान. यजमान गेल्यावर मुलाने दुकान भाड्याने दिलं आणि आईला हेब्बाळच्या आपल्या फ्लॅटमध्ये नेलं. त्याचं ऑफिस आमच्या सेंटरच्या जवळ होतं. दर गुरुवारी सकाळी तो तिला गाडीतून सोडायचा आणि ती बसने परत जायची.

पहिल्या दिवशी साठी ओलांडलेली, नीटनेटकी, उंच बाई समोर येऊन बसली. केसांत अबोलीचा छोटा गजरा. मी नाव सांगितलं, पण त्या मला डॉक्टरम्माच म्हणू लागल्या.

"मी डॉक्टर नाही हं, अक्का."

"असू दे. औषध देत नाही म्हणून काय झालं?"

आमच्या सेंटरमध्ये तेव्हा नुकतीच एक पद्धत सुरू झाली होती. प्रत्येक भेटीच्या सुरुवातीला माणसाने एक छोटी प्रश्नावली भरायची. गेल्या दोन आठवड्यांत झोप बिघडली होती का, जेवण नकोसं झालं होतं का, कशातच मन लागत नव्हतं का, स्वतःला दोष देत होतात का. उत्तरं चारच: अजिबात नाही, काही दिवस, बरेच दिवस, जवळजवळ रोज. त्यांचे गुण कॉम्प्युटर मिळवायचा आणि पडद्यावर एक रेघ काढायचा. रेघ वर म्हणजे त्रास जास्त. ती एका ठरावीक खुणेच्या खाली उतरली की माणूस 'बरे झाले' या खान्यात जायचा. पुरेशी उतरली पण खुणेपर्यंत पोचली नाही, तर 'सुधारले'. हलली नाही तर 'जैसे थे', आणि चढली तर 'खालावले'. मला ही पद्धत आवडली होती. त्याआधी कोण बरं झालं हे आम्ही आपल्या मनानेच ठरवत होतो, आणि आपल्या हातून माणसं बरी होतात असं कुणाला वाटत नाही?

अक्कांचं शिक्षण कन्नडमध्ये झालेलं. मराठी त्या घरात बोलायच्या, पण वाचताना अडखळायच्या. प्रश्नावली कन्नडमध्येही होती. ती समोर ठेवली तर म्हणाल्या, "सरकारी कागदासारखी आहे. तुम्हीच वाचा, मराठीत." म्हणून मी मराठी प्रत काढली आणि मोठ्याने वाचू लागले. झोपेचा प्रश्न झाला, जेवणाचा झाला. मग मी वाचलं, "आपणांस अपराधी वाटते का?"

अक्का दचकल्या. "अपराधी? पोलीस पकडून नेतात ते? छे छे. आमच्या घराण्यात तसं काही नाही."

मला हसू आलं. प्रत पुस्तकी मराठीत होती आणि माझं मराठीही बरंचसं तसलंच. मी जरा विचार करून म्हटलं, "म्हणजे अक्का, आपल्या हातून काही चुकलं असं मनाला खात राहतं का?"

त्यांचा चेहरा एकदम बदलला. खिडकीकडे बघत म्हणाल्या, "ते होय. ते रोज."

मी 'जवळजवळ रोज'वर खूण केली. पुढच्या प्रत्येक गुरुवारी मी तो प्रश्न तसाच विचारला, आणि उत्तरही तेच आलं.

काय खात होतं ते कळायला बरेच गुरुवार गेले. अक्कांचे यजमान आणि धाकटा दीर मिळून दुकान चालवायचे. पुढे दोघा भावांचं वाटणीवरून बिनसलं. दीर बायकोमुलांना घेऊन बेंगळुरूबाहेर होसकोट्याला गेला, तिथे त्याने स्वतःचं दुकान काढलं. बोलणं बंद. यजमान शेवटच्या आजारात हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा एकदा अक्कांचा हात धरून म्हणाले, "धाकट्याला बोलव." अक्का म्हणाल्या, "केलाय फोन. निघालाय तो."

फोन त्यांनी केलाच नव्हता.

"मी स्वतःला सांगितलं, त्याला बघून यांना त्रास होईल," अक्का मला म्हणाल्या. "पण खरं सांगू? मलाच तो यायला नको होता. त्याची बायको माझ्या मुलाच्या लग्नात मला चार लोकांत बोलली होती. ते माझ्या डोक्यात होतं. नवरा मरतोय आणि माझ्या डोक्यात लग्नातलं भांडण."

दार वाजलं की यजमान मान वळवून बघायचे. नर्स यायची, डॉक्टर यायचे, चहावाला यायचा. प्रत्येक वेळी ते बघायचे, धाकट्याचं नाव घ्यायचे. आणि तसे बघत असतानाच गेले. दीर क्रियाकर्माला आला तेव्हा ढसाढसा रडला. "वहिनी, एक फोन तरी करायचा." अक्का म्हणाल्या, "वेळच मिळाला नाही."

आता हेब्बाळच्या फ्लॅटमध्ये लिफ्टचं दार वाजलं की त्या उठून बसायच्या. जेवताना वाजलं की घास तसाच राहायचा.

हे सगळं सांगितल्यावर झोप थोडी सुधारली, जेवणही. सुनेबरोबर त्या भाजी आणायला जाऊ लागल्या. मला 'अगं तुगं' करू लागल्या. रेघ हळूहळू उतरत होती. खुणेच्या अगदी जवळ येऊन मात्र तिथेच थांबली. कारण मनाला खाण्याचं उत्तर बदलत नव्हतं.

त्याच सुमारास आमच्या प्रमुखांनी एकेकाला बोलावून घेतलं. प्रमुख म्हणजे माझ्याहून थोड्याच मोठ्या, कामाच्या बाबतीत सरळ, मला आवडणाऱ्या बाई. त्यांनी पडद्यावर माझे चार खाने दाखवले. माझा 'जैसे थे' इतरांपेक्षा फुगलेला होता.

"तुझी माणसं अडकून पडतात," त्या म्हणाल्या. "मी रागावत नाही. पण बाहेर किती लोक थांबलेत ते तुला माहीत आहे. ज्यांचं काम होत आलंय त्यांना सोडायला शीक."

त्यांचं चूक नव्हतं. थांबलेल्यांत काहींची अवस्था खरोखर वाईट होती. पण मी त्या खोलीतून बाहेर पडले ती थांबलेल्यांचा विचार करत नव्हे. शेजारच्या टेबलावरच्या, माझ्यानंतर आलेल्या मुलीचा 'बरे झाले' माझ्यापेक्षा मोठा कसा, हे माझ्या डोक्यात होतं.

पुढच्या गुरुवारी अक्का आल्या. मी प्रश्न वाचू लागले. झोप: काही दिवस. जेवण: तेही काही दिवस. त्या प्रश्नापाशी आले आणि मी कागदावर होतं तसंच वाचलं: "आपणांस अपराधी वाटते का?"

सहज वाचलं असं मी नंतर बरेच दिवस स्वतःला सांगितलं. पण मी वाचायच्या आधी क्षणभर थांबले होते, आणि कोणत्या शब्दाला कोणतं उत्तर येतं हे मला ठाऊक होतं.

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "नाही."

"अजिबात नाही?"

"अजिबात नाही."

रेघ खुणेच्या खाली उतरली. मी पडदा त्यांच्याकडे वळवून दाखवला. "बघा अक्का, तुम्ही बऱ्या झालात."

"सरी, ठीक," त्या म्हणाल्या. "म्हणजे आता यायचं नाही?"

"गरज वाटली तर फोन करा ना."

त्या उठल्या, पदर सारखा केला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून गेल्या. महिन्याच्या शेवटी माझा 'बरे झाले' थोडा वाढलेला दिसला. प्रमुखांनी अंगठा वर करून दाखवला. मला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची लाज मला पुढे सगळ्यात जास्त वाटली.

नंतर कधीतरी, एका गुरुवारी, सेशन रद्द झालं म्हणून मी मागच्या रस्त्यावरच्या बागेत फेरी मारायला गेले. तिथे गुलमोहोराखालच्या बाकावर अक्का बसल्या होत्या. मांडीवर पर्स, शेजारी पाण्याची बाटली.

"अक्का! इथे कुठे?"

त्या जराशा ओशाळल्या. सरकून मला जागा दिली. "बस स्वल्प."

सेशन थांबल्याचं मुलाला त्यांनी सांगितलंच नव्हतं. तो दर गुरुवारी त्यांना आमच्या दारापाशी सोडायचा. त्या त्याची गाडी वळेपर्यंत फाटकाशी उभ्या राहायच्या आणि मग इथे येऊन बसायच्या. आपल्या सेशनची वेळ संपली की बस पकडून घरी.

"अहो, पण का?"

"घरी काय सांगू, मी बरी झाले? मग ती दोघं विचारणार, तर मग लिफ्ट वाजल्यावर दचकतेस का? इथे बसून मी मनातल्या मनात तुझ्याशी बोलते. तेवढंच."

मी म्हटलं, "पण अक्का, त्या दिवशी तुम्ही 'अजिबात नाही' म्हणालात."

"तू विचारलंस कसं?" त्यांनी शांतपणे विचारलं. त्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. "दर वेळी विचारायचीस मनाला खातं का. त्या दिवशी एकदम पोलिसांचा शब्द काढलास. आणि तुझं तोंड असं, की पाहुण्याने आता उठावं म्हणून यजमानीण बसते ना, तसं. मला वाटलं, बाहेर कोणीतरी जास्त आजारी बसलं असेल, आणि हिला सांगता येत नाहीय. मग मी आपलं 'नाही' म्हटलं. एकदा खोटं बोलून माणूस दुखावलं होतं. म्हटलं, या खेपेस खोट्याने कुणाचं भलं होत असेल तर होऊ दे."

शेजारी दोन म्हातारे कन्नडमध्ये क्रिकेटवर वाद घालत होते. त्यांचा आवाज चढत गेला, मग दोघे हसले. मी अक्कांना म्हटलं, "बाहेर कोणी जास्त आजारी नव्हतं. मला माझा आकडा वाढवायचा होता."

"कसला आकडा?"

मी सांगितलं. चार खाने, माझा फुगलेला 'जैसे थे', शेजारची मुलगी. सांगताना ते इतकं क्षुद्र वाटत होतं की वाक्यं तुटत होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे तुलाही खातंय."

"हो."

"मग चल. आधी आत चल. बागेत बसून काय होणार?"

दुसऱ्या दिवशी मी प्रमुखांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ओरडतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "अक्कांची फाइल आजच उघड. का उघडली ते मी लिहिते." मग म्हणाल्या, "आणखी किती जणांना तू असं वाचून दाखवलंस?"

"वाचून कुणालाच नाही. बाकीचे स्वतः भरतात."

"तू समोर बसलेली असताना?"

मी हो म्हटलं. खोलीतून बाहेर आल्यावर माझ्या डोळ्यांसमोर एकेक माणूस उभा राहू लागला. तो पुण्याचा इंजिनियर, जो उत्तर देण्याआधी माझ्या चेहऱ्याकडे बघायचा. ती नवी आई, जिला मी 'मागच्या वेळेपेक्षा बरं दिसतंय हं' म्हणायचे, तेही प्रश्नावली हातात देताना. सगळ्यांना उत्तर द्यायचं होतं, आणि मला कोणतं हवं ते माझ्या चेहऱ्यावर लिहिलेलं असणार. त्यांतले कोण खरंच बरे झाले आणि कोण नुसते सभ्य होते, हे मला सांगता येत नव्हतं. अजूनही येत नाही.

अक्का पुन्हा येऊ लागल्या. मुलाला त्यांनी स्वतःच सांगितलं. तो चिडला, पण आईवर नव्हे, माझ्यावर. मला फोन करून त्याने सुनावलं, आणि मी ऐकून घेतलं. माझ्याऐवजी दुसरं कोणी हवं असेल तर तशी सोय करू का, असं प्रमुखांनी त्याला आणि अक्कांना दोघांनाही विचारलं होतं. अक्का म्हणाल्या, "हिला माझं सगळं माहीत आहे. आता नव्याने कोण सांगणार?"

थोड्या दिवसांनी एका गुरुवारी त्या आल्या आणि बसण्याआधीच म्हणाल्या, "होसकोट्याला जाते मी. धाकट्याला सांगते."

मी त्यांना घाई करू नका म्हटलं. तो काय म्हणेल, काय नाही, सगळं आम्ही बोललो. त्यांनी मान डोलावली आणि त्याच रविवारी मुलाला घेऊन गेल्या.

पुढच्या गुरुवारी त्यांचा चेहरा सुजलेला होता.

"दुकानाच्या वरच राहतो तो. आम्ही बसलो. जाऊबाईंनी कॉफी दिली. मी म्हटलं, भावजी, यांनी तुम्हाला बोलवायला सांगितलं होतं. मी फोन केला नाही. त्याने कप खाली ठेवला. म्हणाला, 'शुद्धीत होता तेव्हा?' म्हटलं, होते. 'माझं नाव घेतलं?' म्हटलं, घेतलं. 'किती वेळा?' मी म्हटलं, पुष्कळ वेळा. तो उठून आतल्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. आम्ही वाट बघितली. आला नाही. जाऊबाई म्हणाल्या, 'तुम्ही जा आता, अक्का.' त्यासुद्धा रडत होत्या."

त्या दिवशी मी प्रश्नावली वाचली. झोप, जेवण, मन लागणं, सगळंच बिघडलं होतं. मनाला खाणं: रोज, दिवसभर. रेघ पहिल्या दिवसापेक्षाही वर गेली. कॉम्प्युटरने अक्कांना 'खालावले'मध्ये टाकलं. मी काहीही न बदलता ते तसंच ठेवलं. प्रमुखांना सांगितलं की या बाईने आयुष्यातली सगळ्यात अवघड गोष्ट केली आहे आणि आपल्या हिशेबात ती आता जास्त आजारी आहे. त्या म्हणाल्या, "आहेच ती जास्त आजारी. झोपत नाही, जेवत नाही. ते खोटं ठरवू नकोस. तिने काय केलं ते खाली लिही." मला तेव्हा ते कोरडं वाटलं होतं. आता बरोबर वाटतं. आकडा खोटा नव्हता. मीच त्याला एकदा खोटं बोलायला लावलं होतं.

दोन-तीन महिने वाईट गेले. मी त्यांना डॉक्टरांकडेही पाठवलं, त्यांनी झोपेसाठी गोळ्या दिल्या. मला मनातून भीती वाटायची की हेही माझ्यामुळेच झालं. त्यांना बागेत बसू दिलं असतं, तर निदान झोप तरी लागली असती.

मग यजमानांचं वर्षश्राद्ध आलं. अक्कांनी होसकोट्याला निरोप पाठवला. उत्तर आलं नाही. पण त्या दिवशी ब्राह्मण येऊन बसले आणि मागोमाग दीर आला, बायकोला घेऊन. अक्कांशी एक शब्द बोलला नाही. सगळे विधी झाले, पंगत बसली. अक्का वाढत होत्या. वाढता वाढता त्याच्या पानापाशी आल्या.

"मान वर केली नाही त्याने," अक्का मला सांगत होत्या. "वाटी पुढे केली आणि म्हणाला, 'वहिनी, सार स्वल्प आणखी.' बस, एवढंच. आणि जाताना मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, दुकानात ये कधीतरी."

"मग तुम्हाला काय वाटलं?"

"काय वाटणार? सार वाढलं."

त्यानंतर झोप परत आली, गोळ्या कमी झाल्या. जाऊबाईंचे फोन येऊ लागले. रेघ पुन्हा उतरली आणि खुणेच्या थोडी वर थांबली. शेवटच्या गुरुवारी मी तो प्रश्न विचारला. अक्का म्हणाल्या, "खातं की. रोज नाही, पण खातं. लिही, 'बरेच दिवस'." मी लिहिलं. कॉम्प्युटरने त्यांना 'सुधारले'मध्ये ठेवलं आणि तिथेच त्या राहिल्या. सेशन थांबवू या असं या वेळी त्याच म्हणाल्या.

हे लिहू का, असं मी त्यांना मागच्या महिन्यात फोनवर विचारलं. "नाव घालू नकोस," त्या म्हणाल्या. "आणि माझ्या नवऱ्याला चांगला दाखव."

आमच्या सेंटरमध्ये आता नियम बदलला आहे. ज्याचा माणूस, त्याने प्रश्नावली भरून घ्यायची नाही. ते दुसऱ्याने, दुसऱ्या खोलीत करायचं. नियम माझ्यामुळे झाला हे सगळ्यांना माहीत आहे, कुणी बोलून दाखवत नाही. नियम आल्यावर माझा 'बरे झाले' पुन्हा लहान झाला.

प्रमुखांच्या परवानगीने मी त्या काळातल्या 'बरे झाले' खान्यातल्या माणसांना फोन करायला घेतले. काय विचारायचं ते कागदावर लिहून ठेवलं होतं, पण फोन लागला की ते वाचवत नाही. मी एवढंच विचारते, "कसे आहात? आणि पुन्हा यावंसं वाटलं तर दार उघडं आहे, बरं का." नवी आई म्हणाली, ती छान आहे, मूल चालायला लागलंय, फोनमध्ये मागून मूल आनंदाने ओरडत होतं, तेव्हा खरं असावं. एक जण मीटिंगमध्ये होता. एकीने फोन घेतला, माझं बोलणं पुरतं ऐकलं आणि म्हणाली, "सोमवारी येऊ का?"

पुण्याच्या इंजिनियरचा नंबर बंद आहे. त्याच्या कंपनीत विचारायची मला मुभा नाही, आणि ते बरोबरच आहे. सकाळी कॉफी घेताना मी अजून कधीकधी तो नंबर लावून बघते.